आलिशान मोटारीतला आराम : वापर, सुरक्षा आणि निगा

आलिशान मोटारीतली सीट हे एक गुंतागुंतीचे यंत्र असते. वरून मऊ चामडे दिसते. त्याखाली सीट पुढे-मागे आणि वर-खाली करणाऱ्या मोटारी, कमरेला टेकू देणाऱ्या हवेच्या पिशव्या, हवा खेळवणारे छोटे पंखे, ऊब देणाऱ्या तारा, बसणाऱ्याचे वजन ओळखणारा सेन्सर आणि बाजूने धडक बसल्यास उघडणारी एअरबॅग एवढे सगळे दाटीवाटीने बसवलेले असते. आरामाची आणि सुरक्षेची सामग्री अशी एकाच गादीत नांदत असल्यामुळे एकीशी केलेली छेडछाड दुसरीला भोवते. आतल्या सोयींचा वापर आणि देखभाल यांचे बहुतेक नियम याच वस्तुस्थितीतून निघतात.

या सोयी टप्प्याटप्प्याने आल्या. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये मोटारीत एसी देऊ केला. तो पूर्ण बंद करायचा तर बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. कॅडिलॅकने १९६४ च्या मॉडेलमध्ये तापमान आपोआप राखणारा एसी आणला आणि १९६६ च्या मॉडेलमध्ये गरम होणारी सीट. हवा खेळवणारी सीट स्वीडनच्या साब कंपनीने १९९७ मध्ये दिली. आज मर्सिडीज-बेंझच्या मोटारी चाकणला आणि ऑडीच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवल्या जातात. शिवाय सनरूफ, हवेशीर सीट आणि स्वयंचलित एसी या गोष्टी मध्यम किमतीच्या गाड्यांतही आल्या आहेत. त्यामुळे त्यांची माहिती आता फक्त श्रीमंतांच्या उपयोगाची राहिलेली नाही.

बसण्याची रीत

विजेवर चालणारी सीट हवी तशी बसवता येते. नेमकी कशी बसवावी हे मात्र चालकाला ठाऊक असावे लागते. पाठ टेकलेली असताना ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहावा. छातीचे हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर असावे, कारण एअरबॅगला उघडायला जागा लागते आणि ती डोळ्याचे पाते लवायच्या आत उघडते. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या उंचीला यावी. हेडरेस्ट मानेच्या मागे आला, तर पाठीमागून धडक बसल्यावर मान उलट्या दिशेने झटकली जाते. बाजारात मिळणाऱ्या जाड मानेच्या उशा डोके पुढे ढकलतात आणि हेडरेस्टचा उपयोग कमी करतात.

सीट, आरसे आणि स्टिअरिंगची जागा लक्षात ठेवणाऱ्या ‘मेमरी’ची बटणे गाडी उभी असतानाच वापरावीत. चालत्या गाडीत चुकून दुसऱ्याची जागा निवडली, तर सीट सरकते आणि पाय ब्रेकपासून लांब जातो. घरातल्या प्रत्येक चालकाने आपली जागा वेगळ्या क्रमांकावर साठवावी. सीट मागे सरकवण्यापूर्वी मागे लहान मूल, कुणाचा पाय किंवा सामान नाही ना, हे पाहावे. सीटची मोटार बोट चिरडण्याइतकी ताकदवान असते.

आलिशान गाडीची खरी ओळख म्हणजे तिची मागची सीट. काही मॉडेलांत ती आरामखुर्चीसारखी मागे झुकते आणि पायांना आधार देते. मात्र प्रवासी जितका आडवा होतो, तितकी सीटबेल्टची पकड सैल होते. धडक बसताच शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरते आणि पट्टा ओटीपोटात रुततो. हा धोका ओळखून मर्सिडीजने २०१३ च्या एस-क्लासमध्ये मागे झुकणाऱ्या सीटच्या बैठकीखाली एक वेगळी एअरबॅग दिली. ती धडकेच्या क्षणी बैठकीची पुढची बाजू उचलून प्रवाशाला घसरू देत नाही. अशी सोय नसलेल्या गाडीत वेगात असताना सीट सरळच ठेवावी. पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट आणि खांद्यावरून छातीवर सपाट असावा.

मागच्या सीटवर पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे; तरी मागची सीट सुरक्षितच असते, हा समज टिकून आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी होती, ते मागे बसले होते आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडीची किंमत पट्ट्याची जागा घेऊ शकत नाही.

डॅशबोर्डवर पाय पसरून बसणेही असेच घातक आहे. एअरबॅग उघडली की गुडघा चेहऱ्यावर आदळतो आणि मांडीचे किंवा खुब्याचे हाड मोडू शकते. आपल्याकडे डॅशबोर्डवर गणपतीची छोटी मूर्ती चिकटवण्याची रीत आहे. ती प्रवाशासमोरच्या एअरबॅगच्या झाकणावर कधीही नसावी. झाकण फुटताच मूर्ती गोळीच्या वेगाने प्रवाशाकडे येते.

गारवा, ऊब आणि मसाज

हवेशीर सीट स्वतः हवा थंड करत नाही. बहुतेक गाड्यांत तिचे पंखे केबिनमधलीच हवा चामड्याच्या बारीक छिद्रांतून खेळवतात आणि त्यामुळे पाठीचा घाम वाळतो. म्हणून एसी सुरू असतानाच ती खरी उपयोगी पडते. छिद्रांत चामड्याचे क्रीम, बिस्किटांचा चुरा किंवा सांडलेला चहा गेला की हवा अडते. क्रीम सीटवर थेट न ओतता कापडावर घेऊन पातळ लावावे आणि छिद्रे मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने साफ करावीत. सीटखाली पिशव्या कोंबल्या तर पंख्याचा श्वास कोंडतो आणि वायरिंगही ओढले जाते.

गरम होणाऱ्या सीटच्या तारा नाजूक असतात. सीटवर गुडघे टेकून मागचे सामान काढणे, जड पेटी ठेवणे किंवा टाचणी खुपसणे यामुळे तार तुटू शकते. मधुमेहामुळे किंवा पक्षाघातामुळे ज्यांची त्वचेची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका बसतोय हे कळत नाही. अशा व्यक्तींनी ही सोय टाळावी किंवा सर्वांत खालच्या पातळीवर थोडाच वेळ वापरावी. सीटवर घोंगडी किंवा जाड उशी ठेवली तर उष्णता अडकते आणि सीट जास्तच तापते.

मसाज करणाऱ्या सीटमध्ये हवेच्या पिशव्या ठरावीक क्रमाने फुगतात आणि रिकाम्या होतात. लांबच्या प्रवासात त्याने स्नायूंचा ताठरपणा कमी होतो. विश्रांतीची गरज मात्र भागत नाही. चालकाने तो सौम्य ठेवावा आणि दर दोन तासांनी गाडी थांबवून पाय मोकळे करावेत. मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

केबिनमधली हवा

उन्हात उभ्या असलेल्या गाडीत हवा किती वेगाने तापते, याची मोजणी अमेरिकेतील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. तासाभरात आतले तापमान सरासरी सुमारे २२ अंश सेल्सिअसने चढले आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणून लहान मूल, वृद्ध व्यक्ती किंवा पाळीव प्राणी यांना बंद गाडीत ‘पाच मिनिटांसाठी’ही ठेवू नये.

तापलेल्या गाडीत बसताना आधी दारे-खिडक्या उघडून कोंडलेली उष्णता बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा. केबिन गार होईपर्यंत आतलीच हवा फिरवावी. मात्र तासन्‌तास तीच हवा फिरत राहिली तर कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि चालकाला सुस्ती येते. म्हणून अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी. पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरली तर एसी चालू ठेवून बाहेरची हवा काचेवर सोडावी. वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूला असेल, तर केबिन जास्त गार झालेली असते. तापमान थोडे वाढवावे आणि वायपर फिरवावा.

बंद गॅरेजमध्ये किंवा इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत एसी लावून झोपणे जिवावर बेतू शकते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.

एसीच्या निगेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे केबिन फिल्टर. तो साधारण वर्षातून एकदा बदलतात. धुळीच्या रस्त्यांवर त्याआधीही बदलावा लागतो. फिल्टर तुंबला की ब्लोअरचा आवाज वाढतो आणि हवा कमी येते. एसी लावताच कुबट वास आला, तर ओल्या कूलिंग कॉइलवर बुरशी धरलेली असते. मुक्काम येण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे कूलिंग बंद करून नुसता ब्लोअर चालवला की कॉइल वाळते. एसीचा गॅस दरवर्षी भरावा लागतो, हा गैरसमज आहे. वारंवार गॅस कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि आधी ती शोधायला हवी. नव्या गाड्यांतला गॅस जुन्यापेक्षा वेगळा असतो. एकाच्या जागी दुसरा भरू नये.

सनरूफ, दारे आणि काचा

सनरूफच्या कडेने थोडे पाणी आत येणे हे अपेक्षितच असते. ते चौकटीतल्या पन्हळीत जमते आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून गाडीखाली जाते. पाने, धूळ आणि परागकण यांनी या नळ्या तुंबल्या की पाणी छताच्या अस्तरातून किंवा खांबातून गालिच्यावर उतरते. म्हणून मे महिन्यातच पन्हळ पुसून त्यात थोडे पाणी सोडावे आणि ते गाडीखाली गळते का ते पाहावे. नळीत कडक तार घालू नये. नळी जोडापासून सुटते आणि पाणी थेट केबिनमध्ये येते. सनरूफमधून मुलांना उभे करणे हा तर जिवाशी खेळ आहे. जोराचा ब्रेक लागला की मूल बाहेर फेकले जाते.

आपोआप ओढून बंद होणाऱ्या दारात शेवटचे काही मिलिमीटर मोटार काम करते, तेव्हा बोट कडेला नसावे. मागे मुले असताना काचांचे लॉक आणि चाइल्ड लॉक लावावे. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यावा, असा नियम आहे. थंडाव्यासाठी काळी फिल्म चढवणे त्यात बसत नाही.

चामडे, कापड आणि टचस्क्रीन

मोटारीतल्या बहुतेक चामड्यावर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. त्यामुळे चपलेसारखे तेल पाजून ते मऊ होत नाही. खोबरेल तेल वरच राहते आणि धूळ धरते. पेट्रोल, थिनर किंवा सॅनिटायझर यांनी हा थर उतरतो. कोमट पाण्यात सौम्य साबण, नीट पिळलेले मऊ कापड आणि नंतर कोरड्या कापडाने पुसणे एवढे पुरते. नव्या जीन्सचा निळा रंग फिकट सीटवर उतरतो, तो लगेच पुसावा. अल्कान्तारा हे चामडे नसून कृत्रिम तंतूंचे कापड आहे. त्याला क्रीम लावू नये. काळे चकचकीत पट्टे आणि टचस्क्रीन यांवर फक्त स्वच्छ मायक्रोफायबर कापड फिरवावे आणि अमोनिया असलेले काचेचे क्लीनर टाळावे. स्टिअरिंगवर चकाकी आणणारे पॉलिश लावल्यास हात घसरतो.

सीटवर चढवलेले घट्ट कव्हर हवेची छिद्रे झाकते आणि सीटच्या कडेला असलेल्या एअरबॅगची वाट अडवते. सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण असेल तर तिथे शिवण घट्ट नसलेले, त्या मॉडेलसाठी बनवलेले कव्हरच वापरावे. कव्हर टाळणे अधिक चांगले.

वीज आणि ओल

इंजिन बंद असताना मागचे स्क्रीन, संगीत, दिवे आणि सीटचे पंखे बॅटरी खातात. आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीला कंपनीने सांगितलेला बॅटरी मेंटेनर लावणे सोयीचे ठरते. सीटखालचे पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात. सफाई करताना ते ओढू किंवा सोडवू नयेत. नवे दिवे किंवा स्पीकर बसवण्यासाठी बाहेरच्या दुकानात वायर कापली, तर अनेक संगणकीय युनिट बिघडू शकतात आणि वॉरंटीही जाऊ शकते.

आलिशान गाडीच्या गालिच्याखाली आवाज शोषणारा जाड फोम असतो आणि काही गाड्यांत त्याच्याच शेजारी विद्युत युनिटही असतात. वरून कोरडा दिसणारा गालिचा खाली ओला असू शकतो. पुराचे पाणी आत शिरले असेल तर कुठलेही बटण न दाबता गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला न्यावी. उंदरांना वायरिंग आणि केबिन फिल्टर दोन्ही प्रिय असतात. गाडीत खाण्याचे कण राहू न देणे हाच त्यावरचा पहिला उपाय.

या सगळ्यासाठी वेगळी कला लागत नाही. दर महिन्याला सीट आणि काचांची सफाई, पावसाळ्यापूर्वी सनरूफच्या नळ्या, वर्षातून एकदा फिल्टर आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटला तर त्याच दिवशी तपासणी एवढे पाळावे. गाडीसोबत येणारे माहितीपुस्तक बहुतेक वेळा ग्लोव्ह बॉक्समध्ये न उघडताच पडून असते. प्रत्येक मॉडेलचे नेमके नियम त्यातच दिलेले असतात. गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात मालकाने आणि चालकाने ते एकत्र बसून वाचावे.