कृष्णाकांठची समृद्धि व माणदेशचा दुष्काळ : कांहीं उपेक्षित कागदांची साक्ष

एकाच सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व माण तालुक्यांत तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास राहतो. दक्षिणेस सांगली जिल्ह्यांतही वाळवें व मिरज हे कृष्णाकांठचे तालुके सधन, तर आटपाडी व जत हे पूर्वेकडील तालुके कोरडे. यावरून पाऊस तेथें पैसा, असा सिद्धान्त सर्वमुखीं झालेला आहे. तो आम्हांस अपुरा वाटतो. पाऊस हेंच संपत्तीचें कारण असतें तर जावळीचा डोंगरी शेतकरी सर्वांत श्रीमंत ठरला असता. प्रत्यक्षांत जावळीचीं माणसें पोटासाठीं मुंबईस जात आलीं. कृष्णाही वाळव्यावरून आज वाहूं लागलेली नाहीं. उंसाचे अफाट मळे मात्र अलीकडचे. तेव्हां पाणी कोणाच्या शेतांत, कोणाच्या पैशानें व कोणत्या हक्कानें गेलें, हा खरा प्रश्न होय. आणि त्याचें उत्तर ज्या कागदांत आहे ते कागद आपण संग्राहक मंडळी बहुधा हातींच धरीत नाहीं.

जुन्या मोडी दफ्तरांत जमिनीची जिरायत, मोटस्थळ, पाटस्थळ अशी वर्गवारी आढळते. पाणी शेतापर्यंत कसें आणलें यावरून सरकारचा हिस्सा ठरविण्याची दृष्टि फार प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत हातानें पाणी घालणारानें पांचवा, खांद्यावरून वाहून नेणारानें चौथा व यंत्रानें प्रवाह नेणारानें तिसरा हिस्सा उदकभाग म्हणून द्यावा, असें सांगितलें आहे. मोट चालवावयाची तर विहीर, बैल व नाडा-सोंदूर हवा. त्यास भांडवल हवें, व तें सावकाराच्या घरीं. एकाच शिवारांतील, एकाच मातीच्या दोन शेतांत जें अंतर पडे तें पत असण्या-नसण्यानें पडे.

१८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें. पुढें ठराविक हप्त्यानें भरावयाचा सारा, दिवाणी न्यायालयें व सावकारी खतें यांच्या कचाट्यांत कुणबी सांपडला. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. सातारा जिल्ह्यांत कुकरूड येथेंही सावकाराचे कागद जाळण्यांत आले. (हें गांव आतां सांगली जिल्ह्याच्या शिराळें तालुक्यांत मोडतें.) दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षां खतांवर अधिक होता. निरक्षर कुणब्यास कागदाची किंमत आपल्याहून अधिक कळत होती, असें आम्हीं म्हटल्यास संग्राहकांनीं रागावूं नये.

१८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. खताच्या मागें जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार त्यानें न्यायाधीशास दिला. त्यावर तोड म्हणून पुष्कळ ठिकाणीं गहाणखताऐवजीं खरेदीखत लिहून घेण्याचा प्रघात पडला. म्हणून त्या काळचें खरेदीखत हातीं आल्यास जमीन विकलीच गेली असें एकदम समजूं नये. सोबत सावकाराची खातेवही मिळाली, व जमीन पूर्वीचाच कुळंबी खंडानें कसतो असें तींत दिसलें, तर तें खरेदीखत नव्हे, कर्ज होय. एकटें खत खोटें बोलतें. वही त्यास खरें बोलावयास लावते.

पुढील शतकांत पाणी सरकारनें व सहकारानें आणलें. कराडजवळ खोडशी येथें बंधारा घालून काढलेला कृष्णा कालवा जुना. १९६४ सालीं कोयनेचें धरण झालें. साखर कारखाने व नदीवरील उपसा योजना यांनीं कराड-वाळव्याचें रूप पालटलें. ही वाढ खोटी नव्हे, शाळा व रस्ते तिनेंच उभे केले. परंतु कारखान्याचा सभासद व्हावयास ऊंस हवा, उंसास पाणी हवें, आणि पाण्यास नदीजवळची जमीन हवी. ज्यास जमीन नव्हती तो तोडणीस आला. माण नदीवरील राजेवाडीचा तलाव १८७६ च्या मोठ्या दुष्काळानंतर बांधला गेला. त्याचें पाणी कालव्यानें सांगोल्याच्या अंगास गेलें, आणि वरच्या अंगाचीं माणदेशी गांवें तळें डोळ्यांनीं पाहत राहिलीं, कारण पाणी उताराकडेच धांवतें. खानापूर-आटपाडीकडील तरुण सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं देशभर पसरले तें याच कोरडेपणामुळें.

सायमन कुझ्नेट्स या अर्थशास्त्रज्ञानें १९५५ सालीं असें मांडलें कीं वाढीच्या आरंभीं विषमता वाढते व पुढें ओसरते. कृष्णाखोऱ्यांत ती आपोआप ओसरल्याचें आम्हांस दिसत नाहीं. टेंभू योजनेचें पाणी आटपाडीकडे चढलें त्यामागें अनेक वर्षांच्या पाणीपरिषदा व मोर्चे आहेत. येरळेवरील बळीराजा धरण तर १९८० नंतरच्या दशकांत लोकांनीं नदीच्या वाळूच्या विक्रींतून पैसा उभारून बांधलें, व भूमिहीन घरासही पाण्याचा वांटा असावा, हें तत्त्व तेथें मानलें गेलें. जमिनीवांचून पाण्यावर हक्क, हा विचार आमच्या पाहण्यांतील एकाही जुन्या कागदांत नाहीं. त्या चळवळीचीं पत्रकें व पाळीपत्रकें आज कोणाच्या संग्रहीं आहेत?

शेवटीं आमचीच एक चूक नमूद करणें प्राप्त आहे. शिक्षकी करीत असतां कृष्णाकांठच्या एका सावकारी घराण्याचें दफ्तर आम्हांस दाखविण्यांत आलें होतें. आम्ही पेशव्यांचीं व पटवर्धनांचीं पत्रें धुंडाळीत होतों. तीं निघालीं नाहींत. निघाल्या त्या तांबड्या कापडांत बांधलेल्या पंधरा-वीस खातेवह्या, व एका वहीच्या प्रत्येक पानावर कुळाच्या नांवापुढें मोटेच्या पाण्याच्या पाळ्या मांडलेल्या. आम्हीं त्या परत बांधून ठेवावयास सांगितल्या. दोन वर्षांनीं पुन्हां गेलों तेव्हां घर पाडण्याचें काम चाललें होतें व वह्या रद्दींत गेल्या होत्या. त्या दिवसाचें आमचें टिपण अजून आमच्यापाशीं आहे. त्यांत गांवाचें नांव, तिथि आणि पुढें एकच शब्द आहे : निरुपयोगी.