रिपोर्ट उघडतोय, पण आकडे जुनेच? डेटाबेस कनेक्शन तपासायच्या पाच पायऱ्या



पॉवर बीआयमध्ये विक्रीचा डॅशबोर्ड कसा बनवायचा, हे आपण व्हिडिओत पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "सर, कालपर्यंत चालत होतं, आज डेटाबेसला कनेक्ट होत नाही. काय करू?" आज त्यावरच बोलूया.

आधी एक प्रसंग सांगतो. फराळाचा व्यवसाय करणाऱ्या एका ताई माझ्या बॅचला होत्या. बिलिंग काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर, रिपोर्ट आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर. दिवाळीच्या तोंडावर दुकानात नवा राउटर बसवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिफ्रेश दाबलं, एरर आली. "नंतर बघू" म्हणून त्यांनी ती खिडकी बंद केली. समोर ग्राफ नेहमीसारखेच दिसत होते, म्हणून त्याच आकड्यांवर त्या माल मागवत राहिल्या. रिपोर्ट म्हणत होता, भाजणीचा खप कमी आहे. प्रत्यक्षात ते आकडे नऊ दिवसांपूर्वीचे होते. धनत्रयोदशीला भाजणी संपली आणि गिऱ्हाईक परत गेलं.

दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. नुकसान मात्र सीझनचं झालं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपण डेटा इम्पोर्ट करतो तेव्हा रिफ्रेश फसलं तरी पॉवर बीआय जुना डेटा पुसत नाही, शेवटचा आलेला डेटा तसाच दाखवत राहतं. म्हणजे कनेक्शन तुटलं तरी स्क्रीनवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. खरा धोका तिथेच आहे.

आधी एरर वाचा

एरर आली की लगेच सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायच्या मागे लागू नका. मोबाइलवर एररचा फोटो काढा आणि शब्द शोधा. "नेटवर्क रिलेटेड" असं दिसलं, तर लॅपटॉप डेटाबेसपर्यंत पोचलाच नाहीये. "आर्किटेक्चर मिसमॅच" दिसलं, तर गडबड ड्रायव्हरची आहे. आणि "लॉगिन फेल्ड" दिसलं, तर ती खरं म्हणजे चांगली बातमी! रस्ता ठीक आहे, दारापर्यंत पोचलात, फक्त ओळख पटली नाही.

आता कुणाच्या घरी जाताना जे बघतो, तेच पाच प्रश्न क्रमाने विचारायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच रिफ्रेश करून बघायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर नक्की कशाने चालू झालं ते कधीच कळत नाही.

पायरी १: माणूस घरी आहे का?

काउंटरच्या कॉम्प्युटरवर जा. बिलिंग उघडून जुनं बिल दिसतंय का बघा. दिसत असेल तर डेटाबेस जिवंत आहे. नसेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये एसक्यूएल सर्व्हर किंवा मायएसक्यूएल, जे तुमच्याकडे असेल ते, 'रनिंग' आहे का पाहा. लाइट जाऊन आल्यावर ही सर्व्हिस कधीकधी बंदच राहते.

टॅलीवाल्यांसाठी: ओडीबीसीने डेटा घेत असाल तर टॅली चालू हवी, हवी ती कंपनी उघडलेली हवी आणि सेटिंगमध्ये ओडीबीसी सुरू हवं. पोर्ट सहसा ९००० असतो.

पायरी २: रस्ता चालू आहे का?

दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर आहेत का? लॅपटॉप चुकून गेस्ट वायफायवर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असतो, हे मी अनेकदा पाहिलंय. त्यानंतर आयपी अ‍ॅड्रेस तपासा. ताईंच्या बाबतीत नव्या राउटरने काउंटरच्या कॉम्प्युटरला नवा आयपी दिला होता आणि रिपोर्ट जुना आयपी शोधत बसला होता. कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरसाठी एक आयपी राखून ठेवा, किंवा कनेक्शनमध्ये आयपीऐवजी कॉम्प्युटरचं नाव द्या.

पायरी ३: दार उघडं आहे का?

प्रत्येक डेटाबेसचा एक दरवाजा असतो, त्याला पोर्ट म्हणतात. नेहमीचे पोर्ट असे: एसक्यूएल सर्व्हर १४३३, मायएसक्यूएल ३३०६, पोस्टग्रेस ५४३२. लॅपटॉपवर पॉवरशेल उघडा. 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही कमांड, पुढे कॉम्प्युटरचं नाव, मग 'पोर्ट' आणि तो आकडा द्या. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं तर दार उघडं. 'फॉल्स' आलं तर बहुतेक फायरवॉल आडवी येतेय.

एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस ही फुकट आवृत्ती वापरत असाल, तर तिच्यात टीसीपी-आयपी सुरुवातीला बंद असतं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून ते चालू करून सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. शिवाय एक्सप्रेसचा पोर्ट बदलता असू शकतो, म्हणून सर्व्हरच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन इन्स्टन्सचं नाव लिहा आणि 'ब्राउझर' नावाची सर्व्हिस चालू ठेवा.

एक सावधगिरी: "फायरवॉल पूर्ण बंद करा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फक्त लागणारा पोर्ट, तोही फक्त प्रायव्हेट नेटवर्कसाठी उघडा. राउटरमधून डेटाबेसचा पोर्ट थेट इंटरनेटवर तर अजिबात सोडू नका.

पायरी ४: भाषा कळते का?

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. इथे नेहमीची चूक ३२ बिट आणि ६४ बिटची. तुमचं एक्सेल ६४ बिट असेल, तर ड्रायव्हरही ६४ बिटच लागतो. एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल असं गेलात की बिट कळतं. विंडोजच्या सर्चमध्ये ओडीबीसी टाइप केलं तर दोन वेगवेगळ्या नोंदी दिसतात. ३२ बिटमध्ये बनवलेलं कनेक्शन ६४ बिटच्या प्रोग्रामला चालत नाही.

पायरी ५: ओळख पटते का?

बिलिंगवाल्याने पासवर्ड बदलला, पण पॉवर बीआयने जुनाच लक्षात ठेवलाय, असं होतं. फाइलमधल्या 'डेटा सोर्स सेटिंग्ज'मध्ये जाऊन जुनी परवानगी क्लिअर करा आणि नव्याने लॉगिन द्या. तिथे 'विंडोज' आणि 'डेटाबेस' असे दोन पर्याय दिसतात, आपलं लॉगिन कुठल्या प्रकारचं आहे ते बघूनच टाका. आणि रिपोर्टसाठी मुख्य अ‍ॅडमिनचं लॉगिन कधीही वापरू नका. फक्त वाचायची परवानगी असलेलं वेगळं लॉगिन बनवून घ्या. रिपोर्टला बिलं वाचायची असतात, बदलायची नसतात.

रिपोर्ट ऑनलाइन टाकला असेल तर

दुकानातल्या डेटाबेसमधून ऑनलाइन रिपोर्ट आपोआप रिफ्रेश व्हायला गेटवे लागतो. गेटवे ज्या मशीनवर आहे ते रिफ्रेशच्या वेळी चालू हवं. पहाटे पाचचं रिफ्रेश लावलंय आणि रात्री दहाला कॉम्प्युटर बंद करून घरी जाताय, तर कसं होणार? आणि हे महत्त्वाचं: लागोपाठ चार वेळा रिफ्रेश फसलं की पॉवर बीआय ते वेळापत्रकच बंद करून टाकतं. मग मशीन चालू करून भागत नाही, शेड्यूल हाताने पुन्हा सुरू करावं लागतं. त्याचे ईमेल नीट वाचत जा.

आजच करायचं एक काम

तुमच्या रिपोर्टवर वरच्या कोपऱ्यात एक कार्ड टाका. त्यात बिलाची तारीख ओढा आणि 'लेटेस्ट' निवडा. आता रिपोर्ट उघडला की पहिलं दिसेल: शेवटचं बिल कुठल्या तारखेचं? कालचं किंवा आजचं असेल तर पुढचे ग्राफ बघा. आठवड्यापूर्वीचं असेल तर माल मागवायचा फोन बाजूला ठेवा आणि पायरी १ पासून सुरुवात करा.

ताईंच्या रिपोर्टवर आता ते कार्ड आहे. सकाळी दुकान उघडलं की त्या आधी तारीख बघतात, मगच विक्री.

कनेक्शन आज ना उद्या तुटणारच. ते तुटलंय हे आपल्याला त्याच दिवशी कळलं पाहिजे, एवढी व्यवस्था मात्र आपल्या हातात आहे. चला तर मग, लॅपटॉप उघडा आणि कार्ड टाका!