माझी धावपळ

वर्षातून एकच दिवस असा येतो, की मी उठतो त्या वेळी आमची सारी इमारत उठलेली असते. तो म्हणजे नरकचतुर्दशीचा. एरवी पहाटे पावणेपाचला गजर झाला, की मी चोरासारखा अंधारात बूट चाचपतो, कडीचा आवाज होऊ न देता दार लोटतो आणि जिना उतरतो. खाली रखवालदार खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेला असतो. त्याला उठवण्याचे पाप मी कधी केले नाही. नरकचतुर्दशीला मात्र गॅलरी-गॅलरीतून आकाशकंदील लागलेले, उटण्याचा वास जिन्यापर्यंत आलेला, कुणाचे तरी कारीट पायाखाली फुटलेले, आणि या सगळ्या मंगल वातावरणातून अर्धी विजार घातलेला मी खाली उतरतो आहे! पहिल्या मजल्यावरच्या काकू दरवर्षी तेच विचारतात, "अहो, आजसुद्धा?" मी दरवर्षी तेच उत्तर देतो, "आज थोडंच." हे थोडे म्हणजे आठ किलोमीटर असते, हे त्यांना सांगण्याची माझी छाती होत नाही.

वाचकांचा गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. मी खेळाडू नव्हे. शाळेत पकडापकडीत पहिला बाद होणारा जो मुलगा असतो, तो मी. पुढे तीस वर्षे कचेरीत विम्याचे कागद पाहिले. २०१५ साली, शेहेचाळिसाव्या वर्षी, रक्त तपासले तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा ६.३ आला. साडेसहा झाला की मधुमेह. डॉक्टर म्हणाले, "दारात उभा आहे. आत घ्यायचा का, ते तुम्ही ठरवा." माझे वडील याच आजारात दृष्टी घालवून गेले, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. मला होते.

तेव्हा आधी चालू लागलो. दादरला राहणाऱ्या माणसाने चालायचे म्हणजे शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती. एक फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी भरते. दोन महिन्यांनी एके दिवशी, आजूबाजूला ओळखीचे कुणी नाही अशी खात्री करून घेऊन, मी विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावलो. दुसऱ्या खांबाला धरून जो उभा राहिलो, तो एका आजोबांनी येऊन पाणी हवे का म्हणून विचारीपर्यंत. दुसऱ्या दिवशी दोन खांब. पावसाळा संपता संपता एक अखंड फेरी झाली. ती झाली त्या दिवशी मी कुणालाही न सांगता कोपऱ्यावर उभे राहून एकट्याने बटाटेवडा खाल्ला. साखरेचे म्हणाल, तर वर्षभराने तो आकडा ५.६ वर आला. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला.

पळण्यासाठी काय लागते, असे मला पुष्कळ जण विचारतात. बूट लागतात, हे खरे. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटी-अडीचपटीचा भार पायावर येतो, आणि माझे वजन त्या वेळी एक्याऐंशी किलो होते. पण बुटांचा फार गर्व वाटू लागला, की मी बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांची आठवण काढतो. १९१९च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती झाल्या, तेव्हा खेड्यापाड्यांतील गडी अनवाणी पळताना पाहून दोराबजी टाटा थक्क झाले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यातूनच पुढे १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानची तुकडी गेली. चौगुले तेथे मॅरेथॉन धावले, आणि एकोणिसावे आले. वेळ दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंद. त्या वर्षीचा रस्ताही नेहमीच्या मॅरेथॉनहून अर्ध्या किलोमीटरने लांब, बेचाळीस किलोमीटर आणि वर साडेसातशे मीटर होता. शंभर वर्षांनंतर, चार पट महागाचे बूट घालून, मला त्यांच्या दुपटीच्या आसपास वेळ लागतो.

बुटांपेक्षा जास्त लागते ते वेळापत्रक. मंगळवारी आठ किलोमीटर, गुरुवारी आठ, शनिवारी पाच, आणि रविवारी लांबची दौड. सोमवारी विश्रांती, आणि बाकीचे दोन दिवस घरातच उठाबशा नि ताणाचे व्यायाम. यातले बहुतेक पळणे हळू असावे लागते. शेजाऱ्याशी अखंड वाक्य बोलता येईल इतके हळू. नवशिक्याला हे पटत नाही. त्याला वाटते, दम लागला नाही म्हणजे व्यायाम झालाच नाही. मलाही तसेच वाटे, आणि त्याचे फळ मी कसे भोगले ते पुढे येतेच.

मुंबईची हवा हा आणखी एक गुरू. घाम वाळला तर अंग थंड होते. आपल्याकडे ऑक्टोबरात तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. पुण्याचे माझे बंधू त्याच वेगाने धावून ताजेतवाने घरी जातात आणि फोनवर मला हवेचे महत्त्व सांगतात. बाकी संकटे किरकोळ. कुत्री माणसे ओळखून अंगावर येतात. पहाटे उघडे असलेले स्वच्छ शौचालय कोठे कोठे आहे, याची माहिती दादरपासून नरिमन पॉइंटपर्यंत मला तोंडपाठ आहे, आणि या एका विषयावर नवे पळणारे माझा सल्ला आदराने घेतात.

खरे सोसले ते घरच्यांनी. रात्री साडेनऊला झोपणारा नवरा कोणत्या बाईला आवडेल? लग्नाच्या स्वागतसमारंभातून आम्ही आइस्क्रीमच्या आधीच निघत असू. रविवारी सकाळी तिने पोहे करावेत, तर मी वरळीच्या समुद्रकाठी. सौ. एकदाच म्हणाली, "अहो, सवत असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं." पण रविवारी परतल्यावर कोकम सरबताचा पेला ओट्यावर झाकून ठेवलेला असे, हेही नमूद केले पाहिजे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट.

२०१७च्या डिसेंबरात मी पहिल्या अर्धमॅरेथॉनला उतरलो. एकवीस किलोमीटर आणि वर सत्त्याण्णव मीटर. ती शर्यत कोणती, कुणी भरवली, ते सांगत नाही. त्यांचा त्यात काही दोष नव्हता. शर्यत सुरू झाली, आणि पिवळा सदरा घातलेला एक पोरगा माझ्या पुढे गेला. का कोण जाणे, मी त्याच्या मागे लागलो. सहा महिन्यांचा सराव, हळू धावण्याची सारी प्रवचने त्या पिवळ्या सदऱ्यामागे वाहून गेली. बाराव्या किलोमीटरनंतर पोटरीत असा गोळा आला, की मी रस्त्यावर मटकन बसलो. दोन स्वयंसेवकांनी उचलून सावलीत नेले, मीठसाखरेचे पाणी दिले, आणि तासाभराने गाडीत घालून मैदानावर आणून सोडले.

तेथे गर्दी उसळली होती. मी लंगडत माझी पिशवी घ्यायला गेलो. छातीवर क्रमांक पाहून एका मुलीने हसत माझ्या गळ्यात पदक घातले. "अभिनंदन, काका!"

मी एकच वाक्य बोलायचे होते. 'अगं, मी पुरी केली नाही.' ते मी बोललो नाही. मी म्हणालो, "थँक्यू."

गळ्यातले पदक रेल्वेतच काढून पिशवीत टाकायचे, असे मी ठरवले होते. ते टाकलेही. पण घरी सौ.ने कपडे धुवायला पिशवी उपसली, आणि मग काय विचारता! दिनदर्शिका काढून त्या खिळ्यावर पदक लागले. चिरंजीवाने फोटो काढून साऱ्या नातेवाइकांना पाठवला. पुण्याहून बंधूंचा फोन आला. त्यांनी या वेळी हवेचा विषय काढला नाही. शेजारी पेढे गेले. "किती वेळ लागला?" असे कुणी विचारले, की मी म्हणे, "तसा बराच." हे खोटे नव्हते. खोटे न बोलता खोटे कसे वागावे, याचे शिक्षण मला त्या बारा दिवसांत पुरेपूर मिळाले. पळायला मात्र मी गेलो नाही. पोटरी दुखते म्हणे. पोटरी तिसऱ्या दिवशीच बरी झाली होती.

तेराव्या दिवशी सांगलीहून मावशी येणार होत्या. "तुझ्या शर्यतीची सगळी हकिगत त्यांना नीट सांग हं," असे आई मला रात्री म्हणाली. मी तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होतो. मान वर न करता मी तिला सारे सांगितले. आईचे वय तेव्हा सत्त्याहत्तर. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "सूनबाईला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी तिला सांग. आणि ते काढ तिथून. रोज उदबत्ती ओवाळतेय मी त्याला."

सौ. दोन दिवस बोलली नाही. तिला राग पदकाचा नव्हता. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे ठेवून ती म्हणाली, "पडलात, उन्हात तासभर बसलात, लंगडत आलात, हे मला कळायला नको होतं? माझ्यापुढे कसली लाज वाटली तुम्हाला?" याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. चिरंजीवाला सांगणे सर्वांत कठीण गेले. त्याने ऐकून घेतले, खोलीत गेला, आणि त्याच नातेवाइकांना त्याने स्वतःच काय लिहिले ते मी विचारले नाही. बंधूंचा पुन्हा फोन आला नाही तो महिनाभर. पदक मी पत्रासह टपालाने परत पाठवले. उत्तर आले नाही, येण्याचे कारणही नव्हते. खिळा रिकामा राहिला. सौ.ने दिनदर्शिका दुसऱ्या भिंतीला लावली.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी अर्धमॅरेथॉन पुरी केली. दोन तास एकेचाळीस मिनिटे. पदक मिळाले, ते मी कपाटात ठेवले. कुणी खिळ्याचे नाव काढले नाही, मीही नाही.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. २०२०च्या जानेवारीत मी तिच्यात पूर्ण अंतर धावलो. बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर. हा चमत्कारिक आकडा ग्रीकांचा नव्हे, बरे का. १९०८ साली लंडनला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून राजघराण्याच्या सज्जापुढे संपवायची होती, तेवढे ते अंतर भरले, आणि १९२१ साली तेच कायम झाले. शेवटच्या दोन किलोमीटरांत मी इंग्रजांच्या राजघराण्याविषयी जे मनात बोललो, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंधारातच निघालो. या वेळी पिवळे, लाल, निळे सारे सदरे पुढे जाऊ दिले. सागरी सेतूवर उजाडले. एरवी जेथे पायी जायला मनाई, त्या पुलावर हजारो पावलांचा पावसासारखा आवाज येत होता. माहीम ओलांडून सव्विसाव्या किलोमीटरच्या आसपास आमच्या दादरला आलो, तर पदपथावर आई घडीची खुर्ची टाकून बसलेली, शेजारी सौ. कोकम सरबताची बाटली घेऊन उभी. आईने काही विचारले नाही. "बूट सैल झालाय बघ," एवढेच म्हणाली. झाला होता.

पळणारे ज्याला 'भिंत' म्हणतात, ती मला हाजीअलीच्या पुढे भेटली. शरीरात साखरेचा जो साठा असतो तो साधारण दोन हजार कॅलरींचा. आणि किलोमीटरमागे वजनाच्या दर किलोला सुमारे एक कॅलरी खर्च होते. माझे वजन तेव्हा त्र्याहत्तर. गुणाकार करून पाहा, म्हणजे तिसाव्या किलोमीटरच्या आसपास दिवाळे का वाजते ते कळेल. वाटेत खात गेले तर थोडे लांबते, इतकेच. आणि नेमका तेथेच पेडर रोडचा चढ! मोटारीतून जाताना तो चढ आहे हे कधी लक्षातही येत नाही. पाय माझे नव्हतेच. रस्त्याच्या कडेला अनोळखी माणसे संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटे घेऊन उभी होती. एका लहान मुलीने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, संपत आलं." आजोबा! मी पन्नाशीचा होतो.

शेवटचे सहा किलोमीटर मी बरेचसे चाललो. मरीन ड्राइव्हवर ऊन चढले होते. रेषा ओलांडली तेव्हा पाच तास अडतीस मिनिटे झाली होती. पदक देणाऱ्या मुलाला मी उगाचच सांगितले, "पुरी केली हं मी." तो गोंधळून म्हणाला, "हो काका, म्हणून तर देतोय."

घरी आलो. आईने पदक हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, आणि विचारले, "सगळं पळालास?"

"नाही. चढावर आणि शेवटी पुष्कळ चाललो."

"चालेल," ती म्हणाली, आणि पदक सूनबाईकडे दिले. सौ.ने ते खिळ्यावर लावले, दोन पावले मागे सरून पाहिले, आणि मला म्हणाली, "आधी आंघोळ करा."

आई आता पंचाऐंशीची आहे. खुर्ची घेऊन रस्त्यावर बसणे तिला आता होत नाही. मी परत आलो, की ती बिछान्यातून आकडा विचारते, आणि मी तो सांगतो. गेल्या रविवारी सोळा होते. त्यांतले दोन चाललो.