सर्कशीचीं शिळाछाप भित्तिपत्रकें

दिवाळीची झाडलोट निघाली कीं माळ्यावरचे जुने कागद प्रथम रद्दींत जातात. त्यांत सर्कशीचें एखादें रंगीत भित्तिपत्रक निघाल्यास तें टाकण्यापूर्वीं किंवा चौकटींत बसविण्यापूर्वीं वाचकांनीं थोडें थांबावें, अशी आमची विनंती आहे. आमच्या हातून एकदां झालेली चूक आतां कशानेंही भरून येत नाहीं.

शिळाछाप पोथ्या व पंचांगें आपल्या घरांतून पूर्वीं असत. ही कला जर्मनींत सेनेफेल्डर यानें इ. स. १७९६ च्या सुमारास शोधून काढिली. चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूनें आकृति काढावयाची, शिळा भिजवावयाची आणि शाई फिरवावयाची. शाई ओल्या भागास सोडून तेलकट रेघेसच चिकटते. रंगीत चित्रास प्रत्येक रंगाची शिळा निराळी लागे. इ. स. १८९४ त मुंबईस निघालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यांतील देवादिकांचीं चित्रें अशींच छापलीं जात. तीं काचेंत बसलीं म्हणून टिकलीं. विष्णुपंत छत्रे यांनीं इ. स. १८८० त मुंबईस आपली सर्कस उभी केली, व पुढें अनेक मराठी सर्कशी गांवोगांव फिरल्या. परंतु त्यांचीं पत्रकें खळीनें भिंतींवर डकविलीं जात व पावसांत गळून पडत. आज हातीं लागतात तीं बहुधा न डकवितां उरलेलीं.

आमचे आजोबा कल्याणास रेल्वेच्या पार्सल कचेरींत होते. तेथें उरलेलें एक पत्रक त्यांनीं ट्रंकेंत जपून ठेविलें होतें. त्यावर एक वाघ व धांवत्या घोड्यावर उभी असलेली बाई. चाळीस वर्षांपूर्वीं आम्हीं डोंबिवलीस बिऱ्हाड केलें, तेव्हां तें भिंतीवर लावावयाचें ठरलें. चौकट चार बोटें आखूड पडली. आम्हीं कात्री घेऊन खालची पट्टी कापून टाकिली. मुक्काम, तारीख आणि छापखान्याचें नांव त्याच पट्टींत होतें! आज नव्वदीच्या आमच्या आत्याबाई सांगतात कीं, दादांनीं आपणांस खांद्यावर बसवून नेलें ती हीच सर्कस. वडील बंधू म्हणतात कीं, आजोबांच्या सांगण्याप्रमाणें ही त्यानंतर दहा वर्षांनीं आली. निवाडा करणारी ओळ आमच्याच कात्रीखालीं गेली.

म्हणून पारख करितांना प्रथम चारही समास शाबूत आहेत काय हें पाहावें. हांबुर्ग येथील फ्रीडलेंडर यांच्या प्रसिद्ध छापखान्याच्या पत्रकांवर तर अनुक्रमांक असे, व त्यावरून साल ठरवितां येतें. नंतर भिंग लावावें. शिळाछापांत खडूचे दाणे वेडेवांकडे दिसतात. अलीकडच्या नकलेंत ठिपके बहुधा एकसारखे, ओळीनें मांडलेले. मग कागद उजेडासमोर धरावा, म्हणजे ठिगळें व मागाहून भरलेला रंग उघड होतो. घडीच्या रेघा फारशा मनावर घेऊं नयेत; पुष्कळ पत्रकें घडी करूनच रवाना होत. कडेची फाट हा लहान दोष. चेहरा वा अक्षरें गेलीं तर मोठा. आमच्याकडील खाडीच्या दमट हवेनें तपकिरी डाग पडतात, आणि कसर खळीच्या लोभानें कागद खाते. पत्रक उन्हापासून दूर, सपाट ठेवावें. चिकटपट्टी लावूं नये व प्लॅस्टिकांत कायमचें मढवूं नये.

ठाण्याच्या एका व्यापाऱ्यानें आम्हांस सुचविलें, “मास्तर, नवी पट्टी छापून बेमालूम जोडून देतों, तारीख तुम्ही सांगाल ती.” क्षणभर मोह झाला. आत्याबाईंस किती आनंद झाला असता! परंतु पोथीचें पान जेथें झिजलें असेल तेथें ‘त्रुटित’ असें लिहावें, पदरचें अक्षर घालूं नये, हें आम्हीं जन्मभर विद्यार्थ्यांस शिकविलें. आम्हीं नकार दिला. आतां पत्रकासोबत एक निराळा कागद ठेविला आहे. त्यावर आत्याबाईंची हकीकत आहे, बंधूंची आहे, आणि पट्टी कोणी कापली हेंही आहे.