लॅपटॉपचा घसा बसला की...

मिक्सर चालेनासा झाला की आपण काय करतो? लगेच पिशवीत घालून दुकानात नेत नाही. आधी प्लग हलवून बघतो, दुसऱ्या पॉइंटवर लावून बघतो, भांडं नीट बसलंय का ते पाहतो, आणि मग मिक्सर उलटा करून बुडाचं लाल बटण दाबतो. पुष्कळदा तेवढ्यावरच चटणी वाटून होते. हे आपल्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. रोज हाताळता हाताळता आलं.

लॅपटॉपचं मात्र तसं होत नाही. आवाज गेला की, ‘अहो, जरा बघता का?’, नाहीतर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हाक. तोही नसला तर थेट दुरुस्तीचं दुकान. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मुलांच्या शाळेसाठी घरोघरी लॅपटॉप आले. मुलं पुढे मोबाइलवर रमली आणि लॅपटॉप आपल्याकडे आला. कुणी त्यावर शिकवण्या घेते, कुणी ब्लाउजची डिझाइनं बघते, कुणी बचत गटाचा हिशेब लिहिते. म्हणजे मशीन आपलं, कामही आपलं, पण ते मुकं झालं की किल्ली दुसऱ्याच्या हातात! मी आमच्या गावात कॉम्प्युटरचा छोटा क्लास घेते. इंजिनिअर वगैरे नाही. पण ‘ताई, आवाजच येत नाहीये’ ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे, की त्यावर एकदा सविस्तर लिहावं असं कधीचं मनात होतं.

मैत्रिणींनो, नगरपालिकेच्या टाकीपासून स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत किती कॉक असतात ते आठवा. वाटेतला एक जरी बंद असला तरी नळ कोरडा. लॅपटॉपमध्ये आवाजाचंही तसंच आहे. व्हिडिओच्या चौकटीत खाली एक स्पीकरचं चित्र असतं, तो एक कॉक. ब्राउझरचा टॅब म्यूट झालेला असू शकतो, तो दुसरा. टॅबवर उजवं क्लिक केलं की ‘अनम्यूट साइट’ दिसतं. पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यातली आवाजाची पट्टी हा तिसरा. त्या स्पीकरच्या चित्रावर उजवं क्लिक करून ‘व्हॉल्यूम मिक्सर’ उघडलं की प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो, हे तर कित्येकींना ठाऊकच नसतं. आणि कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं म्यूटचं बटण! टेबल पुसताना फडक्यानं ते हमखास दाबलं जातं. काही लॅपटॉपवर तेव्हा त्या बटणावर बारीक दिवा लागतो.

एक सोपी परीक्षा सांगते. आवाजाची पट्टी थोडी सरकवून सोडून द्या. ‘टिंग’ असा आवाज आला, तर लॅपटॉपचा गळा शाबूत आहे. व्हिडिओ मुका असेल तर दोष व्हिडिओचा नाहीतर ब्राउझरचा. टिंगही आला नाही, तर पुढचं वाचा.

आवाज निघतोय, पण जातोय कुठे? हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा असं माझं मत. घरात ब्लूटूथ स्पीकर असतो, मुलाचा गळ्यात घालायचा हेडफोन असतो, मॅच बघायला टीव्हीला वायर लावलेली असते. लॅपटॉप बिचारा सांगितल्या ठिकाणी आवाज पाठवत राहतो. आपण समोर बसून हैराण, आणि तिकडे आतल्या खोलीत खुंटीला टांगलेल्या हेडफोनमध्ये पाककृती चालू! विंडोज ११ मध्ये आवाजाच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एक छोटं चिन्ह आहे. त्यावर क्लिक केलं की आवाज जाऊ शकेल अशा सगळ्या जागांची यादी उघडते. त्यात ‘स्पीकर्स’ निवडायचं. बस.

आता आमच्या कॉलनीतल्या गाण्याच्या बाईंची गोष्ट सांगते. त्या परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन अभंग शिकवतात. शनिवार-रविवारी संध्याकाळी, कारण तेव्हा अमेरिकेत सकाळ असते. घरखर्चाचा बराचसा भार त्या शिकवणीवर आहे. एका गुरुवारी लॅपटॉपचा आवाज गेला. दुकानात नेला तर पाच मिनिटांत निकाल मिळाला: मदरबोर्डवरची आयसी गेली, साडेसहा हजार होतील, आणि आधी फॉरमॅट मारून बघावं लागेल.

साडेसहा हजारांपेक्षा बाई घाबरल्या त्या ‘फॉरमॅट’ या शब्दाला. त्यांच्या आईनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी आई असताना रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. आई आता नाही. ते रेकॉर्डिंग फक्त त्या लॅपटॉपवर, दुसरीकडे कुठेच नाही. ‘फॉरमॅटमध्ये ते जाईल का हो?’ त्यांनी दुकानात विचारलं. ‘जाणारच ना मॅडम,’ एवढंच उत्तर मिळालं. कॉपी काढून देतो असं काही तो म्हणाला नाही. बाई लॅपटॉप उचलून माझ्याकडे आल्या.

आम्ही आधी पेन ड्राइव्ह लावला आणि ओव्या, अभंगांच्या वह्यांचे फोटो, सगळं त्यावर उतरवलं. मग माझा ब्लूटूथ स्पीकर जोडला. आवाज खणखणीत! म्हणजे विंडोज ठीक, गाण्याची फाइल ठीक. फक्त लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर गप्प. मग यादी उघडली तर तिथे ‘हेडफोन्स’ असं लिहिलेलं, आणि हेडफोन तर लावलेलाच नव्हता. इथे उलगडा झाला. हेडफोनच्या भोकात आत एक बारीक पट्टी असते. पिन आत गेली की ती हलते आणि लॅपटॉपला कळतं, आता स्पीकर बंद करायचे. ती अडकून बसली किंवा तिथे कचरा साठला, की लॅपटॉपला कायम वाटत राहतं हेडफोन लावलाय. बाई लॅपटॉप मांडीवर दुलई घेऊन वापरायच्या. बॅटरीनं भोकात बघितलं तर आत दुलईचा धागा. लॅपटॉप पूर्ण बंद करून मऊ ब्रश फिरवला, कॅमेरा साफ करायच्या रबरी फुग्यानं हवा मारली, मग हेडफोनची पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर केली. सुरू केला तर स्पीकर बोलू लागले. शनिवारचा क्लास ठरल्या वेळी झाला.

(सुई, टाचणी, सेफ्टी पिन तिथे मुळीच घालायची नाही बरं का. आणि तोंडानं फुंकरही नको, थुंकीचा ओलावा आत जातो.)

सगळेच दुकानदार फसवतात असं मला म्हणायचं नाही. माझ्या नणंदेच्या लॅपटॉपचा आवाज मोठा केला की फाटक्या पत्र्यासारखा खडखडायचा. हेडफोन लावला की अगदी स्वच्छ. म्हणजे स्पीकरचा पडदाच फाटलेला. तिथे घरगुती उपाय चालत नाही, स्पीकर बदलावेच लागतात. ते दुकानात नीट बदलून मिळाले आणि मदरबोर्डच्या मानानं खर्चही फारच कमी आला. आपण जाताना ‘आवाज गेलाय’ एवढंच न सांगता ‘हेडफोनवर येतो, स्पीकरवर खडखडतो’ असं सांगितलं की समोरच्याची बोलण्याची पद्धतच बदलते, हे मी पाहिलं आहे.

हेडफोनवर नाही, स्पीकरवर नाही, ब्लूटूथवरही नाही, असं असेल तर बहुतेक वेळा गडबड प्रोग्रॅमची असते. पहिला उपाय ‘रिस्टार्ट’. ‘मी रात्री बंद करून सकाळी चालू केला की,’ असं सगळ्या सांगतात. पण विंडोजमध्ये ‘शट डाउन’ आणि ‘रिस्टार्ट’ एकच नाहीत. लवकर सुरू व्हावं म्हणून शट डाउन करताना विंडोज आतला काही भाग जसाच्या तसा जपून ठेवतं, आणि त्याबरोबर आतला घोळही जपला जातो. रिस्टार्टमध्ये सगळं नव्यानं मांडलं जातं. तेव्हा रिस्टार्टच करा.

त्यानं भागलं नाही तर ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि आवाजाची चिप यांच्यामधला दुभाषा. विंडोजच्या अपडेटनंतर आवाज गेला असेल तर संशय याच्यावर घ्यायचा. स्टार्टच्या चिन्हावर उजवं क्लिक, ‘डिव्हाइस मॅनेजर’, त्यात ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’. तिथे बहुधा ‘रिअलटेक’ हे नाव दिसेल. ही तैवानची कंपनी, तिच्या बोधचिन्हात चक्क खेकडा आहे! त्या नावावर उजवं क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ म्हणायचं. ड्रायव्हर काढून टाकायची चौकट विचारली तर त्यात खूण करायची नाही. मग रिस्टार्ट. विंडोज तो दुभाषा पुन्हा आणून बसवतं. ‘अनइन्स्टॉल’ शब्दाला घाबरू नका, तुमच्या फायलींना यात हात लागत नाही. तरी जमलं नाही, तर लॅपटॉप ज्या कंपनीचा त्याच कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर घ्यावा. मॉडेल नंबर लॅपटॉपच्या बुडाशी असतो. ‘फ्री ड्रायव्हर’ म्हणून लुकलुकणाऱ्या जाहिरातींवर मात्र क्लिक करायचं नाही.

आणि हे सगळं होण्याआधी फॉरमॅट करायला संमती देऊ नका. द्यायचीच वेळ आली तर फोटो, कागदपत्रं, हिशेब पेन ड्राइव्हवर उतरल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. उघडून बघा.

आता उलट तक्रार. आपल्याला ऐकू येतं, पण आपला आवाज पलीकडे जात नाही. मुलाखतीच्या वेळी असं झालं की घशाला कोरड पडते. झूमवर आधी ‘जॉइन ऑडिओ’ दाबावं लागतं, ते राहून जातं. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘मायक्रोफोन’ आहे, तिथली परवानगी बंद असेल तर कुणीच तुमचं ऐकू शकत नाही. काही लॅपटॉपवर माइक बंद करायचं वेगळं बटणही असतं. मुलाखत, क्लास, बँकेचा व्हिडिओ कॉल, काहीही असो, अर्धा तास आधी ‘साउंड रेकॉर्डर’ उघडून दोन वाक्यं बोला आणि परत ऐका. ऐकू आलं म्हणजे माइक शाबूत.

ब्लूटूथ हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसलं की गाण्याचा छान आवाज अचानक जुन्या टेलिफोनसारखा का होतो, हेही पुष्कळजणी विचारतात. बिघाड नाही तो. बऱ्याच हेडफोनना चांगला आवाज ऐकवणं आणि माइक चालवणं एकदम झेपत नाही. माइक सुरू झाला की ते आवाजाचा दर्जा उतरवतात. हेडफोन ऐकायला ठेवून माइक मात्र लॅपटॉपचा निवडा, लगेच फरक पडेल. तसंच, कॉल सुरू झाला की मागे चाललेलं गाणं आपोआप दबतं, हीसुद्धा विंडोजचीच सोय आहे, बिघाड नव्हे.

लॅपटॉपची स्पीकरची जाळी बहुतेकदा बुडाशी असते. गादीवर, उशीवर ठेवला की तिचं तोंडच दाबलं जातं. पोळपाटावर ठेवला तरी चालेल, पण खाली काहीतरी कडक हवं. चिपच खरोखर गेली असेल तरी लगेच मदरबोर्ड बदलायला नको. यूएसबीच्या खाचेत बसणारं छोटं साउंड कार्ड काहीशे रुपयांत मिळतं, त्याला हेडफोन जोडून काम निभतं.

जाता जाता, घरात कुणाला एकाच कानानं ऐकू येत असेल तर त्यांच्यासाठी. आमच्या सासूबाईंचा डावा कान गेलेला. कीर्तन ऐकताना पेटी ऐकू येते, बुवा मधेच गडप होतात म्हणायच्या. हेडफोनच्या दोन बाजूंना दोन वेगळे आवाज जातात, त्यामुळे असं होतं. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’, त्यात ‘ऑडिओ’, आणि तिथे ‘मोनो ऑडिओ’ सुरू करायचं. दोन्ही बाजूंना सगळा आवाज सारखा येतो. सासूबाईंना आता उजव्या कानात पेटीही मिळते आणि बुवाही.