वावरहून विलायतेस : शिष्यवृत्तीच्या अर्जाची वाट

जव्हारचा घाट चढून मोखाड्याकडे गेले म्हणजे जी डोंगराळ भूमी लागते, तिचे मुंबईशी नाते फार निकटचे आहे. मात्र ते मुंबईकरांच्या क्वचितच ध्यानी येते. मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळ वैतरणेवर बांधलेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईच्या घरोघरच्या नळांतून वाहते. ज्या मुलखातून ते येते, तेथे आषाढ-श्रावणात आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो, आणि चैत्र-वैशाखात त्याच पाड्यांवरील बायका हंडे घेऊन आटलेल्या विहिरींच्या तळाशी उतरतात. याच मुलखात वावर नावाचे गाव आहे. वावर म्हणजे शेत. पण १९९२ साली हे नाव शेजारच्या वांगणीच्या जोडीने सर्व देशाला ठाऊक झाले ते पिकामुळे नव्हे, तर कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे.

त्या गोष्टीस आता तीन दशके उलटून गेली. १९४८ सालापर्यंत स्वतंत्र संस्थान असलेल्या जव्हारात आज पदवीपर्यंत शिक्षण देणारे महाविद्यालय आहे. तालुक्यात आश्रमशाळा आहेत. वारली, कोकणा, कोळी महादेव, ठाकूर, क्वचित कातकरी कुटुंबांतूनही मुलेमुली पदवीधर होऊन बाहेर पडतात. अशा एखाद्या मुलीच्या मनात आले, की आपण परदेशी जाऊन बालआरोग्याचे किंवा पाणीव्यवस्थेचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, तर तिने काय करावे? पैसे कोण देतो, ते कोणाकडे व कसे मागावयाचे?

शहरातील सुशिक्षित घरात हा प्रश्न अर्धा सुटलेलाच असतो. मावशीचा मुलगा अमेरिकेत असतो, शेजारच्या सुनेने लंडनला पदवी घेतलेली असते; अर्ज कधी करावा, शिफारसपत्र कोणाकडून घ्यावे, निबंधात काय लिहू नये, हे जेवताजेवता कानांवर पडते. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही; ते वारशाने मिळते. ज्या पाड्यावर पदवीधरच पहिल्या पिढीचा आहे, तेथे हा वारसा कोठून यावा? बुद्धीत उणीव नसता माणूस मागे पडतो तो येथे.

महाराष्ट्रात अशा मागणीचा इतिहास मात्र जुना आहे. जव्हार ज्या ठाणे जिल्ह्यात २०१४ सालापर्यंत मोडत असे, त्याच जिल्ह्यातील कल्याणची एक मुलगी १८८३ साली समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली. आनंदीबाई जोशी यांचे जाणे घडले ते पत्रांमुळे. त्यांचे पती गोपाळराव यांनी एका मिशनऱ्यास लिहिलेले पत्र अमेरिकेतील मासिकात छापले गेले, न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या दृष्टीस ते पडले, आणि त्यांनी या अनोळखी दांपत्यास मदतीचा हात पुढे केला. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास आनंदीबाईंनी स्वतः जो अर्ज लिहिला, त्यात त्यांनी आपली तयारी प्रवेशाच्या अटींस कदाचित पुरी पडणार नाही हे लपविले नाही. मात्र आपल्या देशातील स्त्रियांस स्त्री-वैद्याची गरज कशी आहे आणि त्यासाठी आपण कोणते कष्ट सोसून आलो आहो, हे स्वच्छ मांडले. महाविद्यालयाने प्रवेश दिला. आजही चांगला अर्ज याहून फारसा निराळा नसतो.

१८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी स्थापन केला; तो दान म्हणून नव्हे, तर परत फेडावयाचे कर्ज म्हणून. डॉ. फ्रेणी कामा व कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या त्याच्या अगदी आरंभीच्या लाभार्थी. तो निधी आजही चालू आहे, आणि आजही तो कर्जरूपानेच साहाय्य देतो. शिष्यवृत्ती व कर्ज-शिष्यवृत्ती यांतील हा भेद अर्जदाराने पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. पुष्कळांस तो सही केल्यावर समजतो.

परंतु शिष्यवृत्ती म्हणजे काय करार असतो, हे शिकावयाचे असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्यावे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली त्यांस कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची वृत्ती दिली. मुदत तीन वर्षांची, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट. न्यू यॉर्कहून ते १९१६ साली लंडनला गेले. तेथे अभ्यास रंगात आला असतानाच वृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांस हिंदुस्थानात परतावे लागले. (त्यांचे सामान व ग्रंथ ज्या बोटीने निघाले, ती महायुद्धातील पाणतीराने बुडाली, ही आणखी एक हानी.) बडोद्यास नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहावयास घर मिळेना. मात्र निघताना त्यांनी एक गोष्ट केली होती : चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेविली होती. १९२० साली स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. ती परवानगी म्हणजे एक कागदच. पण तो नसता तर पुढच्या पैशाचा कितपत उपयोग झाला असता?

आज जव्हार-मोखाड्याच्या विद्यार्थ्यास मुख्यतः तीन दारे आहेत. पहिले केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाचे. या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या दरवर्षी सबंध देशासाठी जागा अवघ्या २०. त्यांपैकी १७ सर्व अनुसूचित जमातींसाठी व ३ विशेष दुर्बल जमातींसाठी. महाराष्ट्रातील कातकरी या शेवटच्या गटात येतात, ही माहिती कातकरी वाड्यांवर फारशी पोहोचलेली दिसत नाही. एकंदर जागांपैकी ३० टक्के स्त्रियांसाठी राखीव आहेत. वयोमर्यादा ३५ वर्षे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाख रुपयांच्या आत, आणि मागील परीक्षेत किमान ५५ टक्के गुण, या ठळक अटी. दुसरे दार राज्याच्या आदिवासी विकास विभागाचे. त्याची स्वतंत्र योजना आहे, आणि त्या विभागाचे प्रकल्प कार्यालय खुद्द जव्हारलाच असल्याने चौकशीसाठी मुंबई गाठण्याचे कारण नाही. तिसरे दार जातिनिरपेक्ष वृत्तींचे : ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू, जर्मनीची डाड, राष्ट्रकुल शिष्यवृत्ती इत्यादी. यांतील काही दारे पदवी मिळताच उघडत नाहीत. चेव्हनिंगला सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, फुलब्राइटच्या पदव्युत्तर वृत्तीस तीन वर्षांचा. शिवाय अमेरिकेस चार वर्षांची पदवी अभिप्रेत असल्याने केवळ तीन वर्षांच्या पदवीवर ही वृत्ती मिळत नाही. म्हणून पदवीनंतर अंगणवाडी प्रकल्पात, पाणलोटाच्या कामात किंवा शाळेत घालविलेली वर्षे फुकट गेली असे मानण्याचे कारण नाही. तीच पुढे अर्जाचा पाया होतात.

नियमपत्रिका मात्र दरवर्षी नव्याने वाचावी. २०२२ साली सामाजिक न्याय मंत्रालयाने अनुसूचित जाती इत्यादींसाठीच्या आपल्या परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. ज्यांनी त्याच विषयांवर वर्षभर तयारी केली असेल, त्यांची निराशा कोणीही ओळखू शकेल.

आता खरी अडचण. ती परीक्षेची नव्हे, कागदांची आहे. जमातीचा दाखला, राज्याच्या योजनेसाठी जातवैधता प्रमाणपत्र, तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला, विद्यापीठाची गुणपत्रके, पासपोर्ट, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र, एवढी सामग्री जुळवावी लागते. यांत वैधता प्रमाणपत्र सर्वांत चिवट. अनुसूचित जमातींची यादी १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. म्हणून तपासणी समिती त्यापूर्वीच्या नोंदींस फार महत्त्व देते. ज्या घरातील आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, त्यांचा शाळेचा दाखला कोठून आणावा? अशा वेळी जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, जमिनीचे फेरफार, चुलत्याचे किंवा आतेचे वैधता प्रमाणपत्र, असे एकेक सूत्र शोधीत जावे लागते. जमातीच्या चालीरीती, कुलदैवते यांवरून घ्यावयाच्या सांस्कृतिक चाचणीवर पूर्वी दावे अडून राहत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या प्रकरणात निर्णय दिला, की ती चाचणी हीच एकमेव कसोटी मानता येणार नाही. जुन्या कागदांचे वजन त्यामुळे वाढले आहे. हे काम महिन्यांचे असते. शिष्यवृत्तीची जाहिरात वाचून ते हाती घेतले तर मुदत निघून गेलीच म्हणून समजावे. पदवीच्या पहिल्या वर्षीच त्यास लागणे शहाणपणाचे.

इंग्रजीच्या परीक्षेचे गणित उलटे आहे. तिचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरतात. फार लवकर दिली तर ती शिळी होते. शुल्क पंधरा हजार रुपयांहून अधिक, आणि केंद्र मुंबईसारख्या शहरात. जव्हारला रेल्वे नाही. म्हणजे एसटीचा प्रवास, मुक्काम व बुडालेली मजुरी हेही त्यात धरावे. एवढी रक्कम एकदाच खर्चण्याची ज्या घराची ऐपत, त्याने तालमीच्या चाचण्या आधी पुष्कळ वेळा सोडवून मगच खऱ्या परीक्षेस बसावे. परदेशी विद्यापीठांचे अर्जशुल्क मात्र पुष्कळदा विनंती केल्यास माफ होते. ही विनंती करण्यात कमीपणा काहीच नाही, आणि विचारल्यावाचून ती सवलत कोणी देत नाही.

शिफारसपत्रांची गोष्ट नाजूक. मोठ्या नावाच्या माणसाकडून चार गुळगुळीत ओळी आणण्याची आपल्याकडे हौस आहे. निवड करणाऱ्यांस त्यांचा उपयोग नसतो. ज्या प्राध्यापकाने विद्यार्थिनीस दोन वर्षे शिकविले, तिचा प्रकल्प तपासला, तिच्या चुका पाहिल्या, त्याचे साधे पत्र अधिक उपयोगी. पत्र महिनाभर आधी मागावे, सोबत आपल्या कामाचे टिपण द्यावे. परदेशी विद्यापीठे बहुधा शिक्षकाच्या संस्थेच्या अधिकृत ई-मेल पत्त्यावरूनच पत्र मागतात. लहान महाविद्यालयात तो पत्ता पुष्कळदा नसतो अथवा वापरात नसतो, म्हणून तो आधी चालू करून घ्यावा लागतो. या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीपायी अर्ज अपुरा राहतो.

उरतो निबंध. येथे मात्र वावरच्या मुलीकडे जे आहे ते शहरातील स्पर्धकाकडे नाही. चेव्हनिंगसारख्या वृत्तीत नेतृत्व, लोकसंपर्क, अभ्यासक्रमाची निवड आणि पुढील कार्य यांवर लिहावयास सांगण्याचा प्रघात आहे. बहुतेक अर्जांत देशसेवेची तळमळ असते, जगाचे कल्याण असते, आणि लिहिणारा कोण हे मात्र कोठेच नसते. त्याऐवजी तिने लिहावे, की दिवाळीनंतर भातकापणी आटोपली म्हणजे पाड्यावरील कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मूल बरोबर जाते. अंगणवाडीच्या नोंदवहीत त्याच्या वजनाचे रकाने पुढे कोरे राहतात. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ते परत येते तेव्हा ते कोणत्या महिन्यात खालावले हे कोणासच सांगता येत नाही. एवढे लिहिले, की स्थलांतर करणाऱ्या बालकांच्या आरोग्याची नोंद कशी ठेवावी हे शिकविणारा अभ्यासक्रम आपणास का हवा, हे निराळे पटवावे लागत नाही. घरी वारली वा कोकणी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी त्यानंतरची, अशी जिची भाषेची चढण, तिने पहिला मसुदा खुशाल मराठीत लिहावा. विचार मराठीत स्पष्ट झाला म्हणजे त्याचे इंग्रजी साधे व सरळ उतरते. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेला अलंकारिक निबंध मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो.

हा वारसा पाड्यापर्यंत नेण्याचे प्रयत्न होऊ लागले आहेत. विदर्भातील भटक्या जमातीच्या शेतकरी कुटुंबातून आलेले राजू केंद्रे यांस २०२१ साली चेव्हनिंग मिळाली व ते लंडनच्या सोआस या संस्थेत गेले. त्यांनी उभारलेली ‘एकलव्य’ ही संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाच्या अर्जांसाठी मार्गदर्शन करते. अर्ज भरलेल्या एका माणसाच्या शेजारी तासभर बसून जे कळते, ते दहा माहितीपत्रके वाचून कळत नाही.

निवड झाल्यावरही काम संपत नाही. प्रवेशपत्र सशर्त असेल तर त्यातील शर्ती मुदतीत पुऱ्या कराव्या लागतात. ब्रिटनला सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्या भारतीयास ठरावीक केंद्रात क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता हाती पडेपर्यंतचे दिवस काढण्यापुरती रक्कम गाठीशी लागते. आणि चेव्हनिंगसारख्या वृत्तीत शिक्षणानंतर दोन वर्षे स्वदेशी राहण्याचा करार असतो, तो घरच्यांस आधी सांगून ठेवावा.

चेव्हनिंगचे अर्ज साधारणतः ऑगस्टात निघतात आणि ऑक्टोबरात मिटतात, म्हणजे जव्हारच्या शेतांत भात निसवून कापणीस येते त्याच सुमारास. घरी हात कमी, रस्ते पावसाने उखडलेले, वीज जाते-येते, आणि फोनची लहर धरावयास एखाद्या टेकाडावर चढावे लागते. शेवटच्या रात्री परदेशातील संकेतस्थळही हजारोंच्या गर्दीने अडखळते. म्हणून कागद एका पिशवीत, त्यांच्या प्रती दुसऱ्या पिशवीत, आणि अर्ज मुदतीच्या निदान आठ दिवस आधी, कापणीला हात घालण्यापूर्वी, जव्हारच्या बाजारपेठेत बसून पाठवून द्यावा.