वीज गेली तर दार उघडावे की मिटावे?

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या मोठ्या कार्यालयात कर्मचारी दाराजवळच्या डबीसमोर कार्ड धरतो आणि दार उघडते. किल्ली नाही, कडी नाही. साध्या कार्डात तर सेलही नसतो. मग ते ‘बोलते’ कसे?

डबीतल्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह सभोवार बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. कार्डातही तारेचे वेटोळे असते. बदलत्या क्षेत्रामुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले. तेवढ्या विजेवर कार्डातली चिप जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. तो यादीत सापडला, की कुलपाचा प्रवाह खंडित होतो.

होय, खंडित! अशा पुष्कळ दारांच्या चौकटीवर विद्युतचुंबक आणि दारावर लोखंडी पट्टी असते. प्रवाह असेपर्यंत चुंबक पट्टीला घट्ट धरतो. सुमारे २७० किलो वजन पेलण्याइतका त्याचा जोर असू शकतो.

मग वऱ्हाडातल्या भर उन्हाळ्यात वीज गेली तर? दार मोकळे होईल! म्हणून जोडीला बॅटरी ठेवतात. पण आग लागली तर हाच दोष गुण ठरतो. आगीची घंटा वाजताच बॅटरीचाही प्रवाह तुटावा, अशी जोडणी करतात. माणसे बाहेर पडू शकतात. रोकड ठेवण्याच्या खोलीला वीज गेल्यावरही बंद राहणारे कुलूप चालेल. मात्र आतून मूठ फिरवताच ते उघडले पाहिजे.

लोखंडी खिळ्यावर लाखेचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळून क्षणभर सेल जोडा आणि टाचण्या उचला. तार सोडवताच बहुतेक टाचण्या गळून पडतील. आता तुमच्या शाळेची दारे पाहा : आतून ती सहज उघडतात ना?